तीन दातांचा फरक

पोयसर गाव उन्हाळ्यातही हिरवं दिसायचं, ते विहिरींच्या जिवावर. घोडबंदर रस्ता सोडून गावात वळलं की दोन्ही अंगांना भाजीच्या वाड्या लागायच्या, आणि प्रत्येक वाडीतून रहाटाची कुरकुर ऐकू यायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की एखादा रहाट थांबला तरच माणसं मान वर करून बघत. सत्तावन्न सालच्या एप्रिलात कॉस्मसच्या वाडीतला रहाट थांबून साडेतीन महिने झाले होते, आणि लोकांनी मान वर करायचंही सोडून दिलं होतं.

रहाटाचा बैल नाताळ सरल्यावर मेला. दुसरा बैल आण, असं सगळ्या गावाने सांगितलं. कॉस्मसने आणलं इंजिन. मालाडच्या एका पिठाच्या गिरणीत वीज आली होती आणि तिथलं जुनं क्रूड तेलावरचं इंजिन, म्हणजे आजच्या भाषेत डिझेलचं, मागच्या अंगणात गंजत पडलं होतं. ते बैलगाडीत घालून त्याने घरी आणलं, आणि एक जुना पाण्याचा पंपही मिळवला. लढाईच्या दिवसांत तो दोन वर्षं मिलिटरीच्या गॅरेजात कामाला होता, त्यामुळे लोखंडाची त्याला भीती नव्हती. पण उघडून बघतो तो आतल्या रिंगा तुटलेल्या, बेअरिंग झिजलेलं. मग सामान शोधण्यात महिने गेले. घराच्या ओट्यावर गोणपाटं अंथरून सगळं इंजिन सुटं मांडलेलं होतं. त्याची आई इव्हा, जिला घरात सगळे माय म्हणत, तिला माळ जपायला बसायची जागा उरली नव्हती.

"कॉस्मसची जत्रा भरलीय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "पाळणा तेवढा यायचा बाकी हाय."

मार्सेलिना, कॉस्मसची बायको, यावर हसायची. पण हसणं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. वाडीत वांग्यांचे चाळीस वाफे उभे होते. पहाटे कॉस्मस विहिरीतून पाणी ओढायचा आणि ती हंडे भरभरून वाफ्यांत ओतायची. दोघांच्या चार हातांनी सोळा वाफे भिजत. बाकीचे चोवीस पाळी येईपर्यंत ताटकळत. मार्च सरला तसा त्या झाडांनी माना टाकायला सुरुवात केली. फुलं धरायची आणि दुसऱ्या दिवशी गळून पडायची.

तशात एका बुधवारी बाहरीनहून पत्र आलं. कॉस्मसचा थोरला भाऊ अल्फान्सो तिकडे तेलाच्या कंपनीत होता. जागा आहे, येतोस का ते लवकर कळव, असं त्याने लिहिलं होतं. कॉस्मसने पत्र दोनदा वाचून देवाच्या तसबिरीमागे खोचलं.

"आयतारपर्यंत बघतो," तो बायकोला म्हणाला. "इंजिन चाललं नाय तर येतो म्हणून लिहितो. वाडीच गेली तर मी हितं राखू काय?"

मार्सेलिनाने तसबिरीमागून डोकावणारं पाकीट आत ढकललं. तिचा बाप आयुष्यभर बोटीवर होता. तीन वर्षांनी पेटी घेऊन यायचा, पेटी रिकामी झाली की जायचा. लहानपणी तिला बाप म्हटलं की आधी ती पेटीच आठवायची, मग माणूस.

शनिवारी इंजिन विहिरीकाठच्या दगडी ओट्यावर चढलं. कॉस्मसने टाकीत तेल भरलं, हँडल लावलं आणि फिरवायला लागला. इंजिनाच्या डोक्यावर एक खटका असतो. तो उचलला की दाब सुटतो आणि हँडल हलकं फिरतं. चांगला वेग आला की खटका सोडायचा, मग इंजिनाने पुढचं बघायचं. मार्सेलिना खटका धरायची, तो फिरवायचा. तिने खटका सोडला की इंजिन जड होऊन दोन-तीन वेळा फुसफुसायचं, नळकांड्यातून पांढरा धूर काढायचं आणि थांबायचं. असं चाळीसेक वेळा झालं. कॉस्मसच्या तळहातांना फोड आले. कुंपणापलीकडून शेजारचा जॉनी बघत होता.

"कॉस्मस, बैलापेक्षा तूच जास्त फिरलास रे," तो म्हणाला.

"ये, तुला पण जुंपतो," कॉस्मस म्हणाला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

दुसरा दिवस ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारचा. चर्चमध्ये मिस्सा ऐकून परत येताना मायच्या हातात आशीर्वाद दिलेल्या झावळ्या होत्या, आणि घराच्या पायरीवर गुणाजी बसलेला होता. गुणाजी मालवणकडचा, परळच्या गिरणीत फिटर. मालाडला चाळीत राहायचा आणि बाजारात कॉस्मसकडूनच वांगी न्यायचा. तिथेच दोघांची दोस्ती जमलेली. रविवारी गिरणीला सुट्टी, म्हणून कॉस्मसने त्याला बोलावून घेतलं होतं.

मायने त्याच्या पिशवीतले पाने बघितले. "आज सणाचा दिवस. आज आमच्यात हत्यार उचलत नाय."

"तू नको उचलू, माय. हत्यार मी उचलतंय," गुणाजी म्हणाला. "माजो देव आयतवारची सुट्टी घेणा नाय."

झावळ्या घेऊन माय विहिरीजवळच्या आंब्याखाली जाऊन बसली आणि पातीच्या घड्या घालून लहान लहान क्रूस विणायला लागली. जायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही, असं तिचं बसणं होतं.

गुणाजीची एक रीत होती. यंत्र बंद पडलं की काय बिघडलंय हे तो विचारायचाच नाही. काय काय चालतंय हे आधी मोजायचा. जे चालतंय ते एकेक करून बाजूला ठेवत गेलं की बिघडलेलं आपोआप एकटं उरतं, असं तो म्हणायचा. त्याने कॉस्मसला हँडल मारायला लावलं आणि आपण नळकांड्याशी नाक नेलं.

"धूर पांढरो. वास कच्च्या तेलाचो. म्हणजे तेल आत जाता, पण जळणा नाय."

"ते मना पण दिसतंय," कॉस्मस म्हणाला.

"मगे गप ऱ्हव. माका मोजूंदे."

आधी त्याने तेलाच्या नळीचा स्क्रू ढिला केला. नळीत हवा अडकली की तेलाचा जोर मरतो. मार्सेलिना तेलाच्या पंपाचा लहान दांडा दाबत राहिली. आधी फेस आला, मग फेसात तेल, मग नुसतं स्वच्छ तेल. स्क्रू बंद केला, हँडल मारलं. पांढरा धूर. मग तेल फवारणारं नोझल बाहेर काढून नळीला उघड्यावरच जोडलं. सगळ्यांना लांब उभं करून दांडा मारला तर धुक्यासारखा बारीक फवारा सुटला. त्यात खोट नव्हती. मग दाब. खटका न उचलता हँडल फिरवलं तर ते मध्येच अडून मागे उसळत होतं. दाब जरा कमी वाटला, म्हणून आत चमचाभर ऑइल सोडून बघितलं. पुन्हा पांढरा धूर.

ऊन डोक्यावर आलं. मार्सेलिना जेवण वाढायला घरात गेली तर कॉस्मस तसबिरीपुढे उभा. अल्फान्सोचं पाकीट त्याच्या हातात होतं आणि तो पाठीमागचा पत्ता वाचत होता, जसा काही तो पत्ता पाठ करायचा आहे.

"आयतार संपला नाय अजून," ती म्हणाली.

"संपत आला."

तिने त्याच्या हातातून पाकीट घेतलं नाही. नुसतं म्हणाली, "हात धू. गुणाजीदादा ताटावर बसलाय."

सुक्या बोंबलाचं कालवण आणि हातभाकऱ्या होत्या. गुणाजी मन लावून जेवला. तिसरी भाकरी मोडताना तो एकदम थांबला.

"तेल हाय, हवा हाय, दाब हाय," तो म्हणाला. "लग्नाक सगळे पावणे इले. पण येळेवर इले काय? नवरो आज मांडवात उभो आणि भटजी उद्या इलो, तर लगीन कसा लागतला?"

"आमच्यात भटजी नसतो," माय म्हणाली. "पाद्री असतो."

"बरा, पाद्री उद्या इलो."

कॉस्मसच्या लक्षात आलं गुणाजी कुठे जातोय ते. इंजिनात दोन दातेरी चाकं असतात. लहान चाक पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावर, मोठं चाक तेल सोडणाऱ्या दांड्यावर. त्यांचे दात एकमेकांत नेमके बसले तरच पिस्टन वर पोचता पोचता तेल उडतं आणि पेट घेतं. एक-दोन दात जरी हुकले तरी सगळे पाहुणे येतात आणि लग्न लागत नाही.

"चाकं बरोबर हायत," कॉस्मस म्हणाला. "खोलायच्या आधी मी स्वतः खूण केलेली. मोठ्या चाकाला सफेद्याने क्रूस, लहान चाकाला दोन रेघा. क्रूस दोन रेघांच्या मधी. डोळे मिटून पण चुकणार नाय."

"डोळे मिटूनच केलंस वाटता."

कॉस्मस ताटावरून उठला. मार्सेलिनाने गुणाजीला अजून कालवण वाढलं आणि विचारलं, "दादा, चाकं न खोलता बघता येतं का?"

"येता तर. सायकलची एक तार दी."

तार नोझलच्या भोकातून आत पिस्टनवर टेकवून गुणाजी बसला. तार वर आली म्हणजे पिस्टन वर आला. तेलाची नळी वरून उघडी ठेवली होती. तिच्या तोंडाशी तेल डोळ्याएवढं फुगेल तेव्हा सांगायचं, एवढंच मार्सेलिनाचं काम. कॉस्मस नको नको म्हणत आला आणि इंजिनाबाहेरचं मोठं वजनी चाक हाताने हळूहळू फिरवायला लागला. मार्सेलिना नळीवरून नजर हलवेना. तोंडाशी तेल स्थिर होतं, स्थिर होतं, आणि मग एकदम फुगलं.

"आलं."

"आणि तार खाली चालली," गुणाजी म्हणाला. "पिस्टन वर येऊन उतराक लागलो, मगे तेल इला. परत कर."

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेल उशिराच आलं.

आता चाकांवरचं झाकण उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ऑइल काढलं, बोल्ट सोडवले, झाकण उतरलं. तिघंही वाकून बघायला लागली. मोठ्या चाकाच्या काठावर पांढरा क्रूस होता, आणि त्याच्या समोरचा दात लहान चाकाच्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये बसलेला होता. केसाचाही फरक नव्हता.

"बघ," कॉस्मस म्हणाला. "आता बोल."

गुणाजीने चाकाचे दात बोटाने चाचपले. त्याच्या हातात आता काही उरलं नव्हतं. सगळं चालणारं बाजूला ठेवून झालं आणि बिघडलेलं एकटं उरेना. कॉस्मसने पाना खाली ठेवला, अगदी हलकेच. आपटला असता तर मार्सेलिनाला इतकं वाईट वाटलं नसतं.

ती क्रूसाकडे बघत राहिली. सुरेख क्रूस होता. दोन्ही हात सारखे, दांडा सरळ, आणि खाली तीन पायऱ्यांचा लहानसा चौथरा. कॉस्मसला सरळ रेघ कधी काढता आली नव्हती. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहिताना त्याची अक्षरं डोंगर चढत गेली होती. हा चौथऱ्याचा क्रूस मात्र तिने शंभरदा पाहिला होता. मे महिन्यात मसाला कुटून बरण्या भरल्या की प्रत्येक बरणीवर चुन्याने असाच क्रूस पडायचा. तांदळाच्या कणगीवर पडायचा, नव्या माठावर पडायचा.

तिने आंब्याखाली बघितलं. माय झावळीची पात दातात धरून घडी घालत होती आणि जरा जास्तच मन लावून घालत होती.

"माय, चाकावरचा क्रूस तुझ्या हातचा ना?"

"असंल."

"असंल म्हणजे?"

मायने पात तोंडातून काढली. "म्हणजे हाय. ह्याने दातावर घातलेला. दातावर. दुसरं चाक फिरून फिरून त्यालाच चावणार. देवाचा क्रूस लोखंडाच्या दाताखाली कोण घालतं? मी घासलेटने पुसला आन बाजूला सपाट जागा बघून नीट घातला. सफेदा ह्याच्याच डब्यातला होता, दुसऱ्याचा नाय."

गुणाजीने खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढून घेतला. त्याचे खांदे हलत होते.

कॉस्मस आईकडे बघत होता. "माय, महिनाभर मी मरमर केली. काल चाळीस वेळा हँडल मारलं. तू हितंच बसलेलीस. एका शब्दाने बोलली नायस."

"क्रूस घातल्याने इंजिन बंद पडतं, हे मना काय ठाऊक? आन तू तरी मना सांगून घातलेलास? खूण करायची तर टिंब करायचं. क्रूस घातला की तो क्रूसच."

चाकं जुळवताना कॉस्मसने क्रूस तेवढा बघितला होता, कुणाच्या हातचा ते नाही. आणि त्याच्याही हातून खुणेला आपसूक क्रूसच पडला होता. टोपलीला, खोऱ्याच्या दांड्याला, घोंगडीला, त्या गावात सगळ्यांची खूण क्रूसाचीच असायची.

"किती बाजूला घातलास?" मार्सेलिनाने विचारलं.

"बाजूला म्हणजे बाजूला."

"डाव्या हाताला की उजव्या?"

"एवढं कोण ध्यानात ठेवतं?"

कॉस्मस काही तरी बोलणार होता. मार्सेलिनाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. मग ते मोठं चाक काढून पुसून तिने मायच्या मांडीवर दिलं. "तू तेव्हा बसलेलीस तशी बस. डोक्याला नाय, हाताला इचार."

मायने बसल्या जागी पाय सारखे केले, चाक मांडीवर फिरवून क्रूस आपल्या बाजूला आणला. तिची बोटं काठावरून चाचपडत गेली, थांबली, परत आली. "हितं घाण होती, म्हणून अंगठ्याने चाक दाबून धरलेलं," ती पुटपुटली. "पुसला हितं. आन मग तीन बोटं सोडून नवा."

कॉस्मस गुडघ्यांवर बसला. मायचा अंगठा होता त्या दाताच्या बेचक्यात त्याने खिळ्याचं टोक फिरवलं. टोकावर पांढऱ्या रंगाचा एक कण आला, तांदळाच्या कणीहूनही लहान. त्याने तो गुणाजीपुढे धरला. गुणाजीने दात मोजले.

"तीन दात," तो म्हणाला. "आणि उशीर होता त्याच बाजूक. लागला गणित."

कॉस्मसने छिन्नीने खऱ्या दातावर एक टिंब मारलं. मायचा क्रूस पुसायला त्याने हात नेला आणि मग नुसतीच धूळ झटकली. चाक बसलं. पुन्हा सायकलची तार, पुन्हा नळीचं तोंड. या वेळी तेल फुगलं तेव्हा तार अजून वर चढत होती, वर पोचायला जराशी वाट उरली होती. गुणाजीने मान हलवली आणि झाकणाचे बोल्ट आवळायला घेतले.

ऊन कलतं झालं होतं. मार्सेलिनाने खटका उचलून धरला. कॉस्मसने फोडांवर चिंध्या गुंडाळल्या आणि हँडल धरलं. एक फेरा, दुसरा, पाचवा.

"सोड."

तिने सोडला. इंजिनाने एक ठोका दिला, असा की पायाखालचा दगड हलला. नळकांड्यातून काळा लोट आला. मग इतका वेळ काहीच नाही की तिला वाटलं संपलं. मग दुसरा ठोका, तिसरा, आणि मग ठोके एकामागे एक लागून आले. कॉस्मस हँडल हातात घेऊन तसाच उभा होता. गुणाजीने त्याला हाताला धरून मागे ओढलं.

"चाकाजवळसून बाजूक हो, मेल्या. चालता ता."

विहिरीच्या पंपात पाणी भरून इंजिनाचा पट्टा चढवेपर्यंत कुंपणाशी जॉनी आलाच होता, आणि त्याच्यामागे आणखी चार माणसं. नळातून आधी नुसती हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग पांढरं स्वच्छ, मनगटाहून जाड. पाटात पडल्या पडल्या ते कोरड्या मातीने पिऊनच टाकलं. मार्सेलिना खोरं घेऊन पाण्याच्या पुढे पुढे धावली, एकेका वाफ्याचं तोंड उघडत. तिसाव्या, एकतिसाव्या वाफ्यापर्यंत झाडं मलूल होती पण हिरवी होती. शेवटचे नऊ वाफे गेले होते. पानं हाताला लागली की पापडासारखी मोडत होती. तिने त्यांनाही पाणी सोडलं.

"ते मेलेत," मागून कॉस्मस म्हणाला.

"माती मेली नाय. पावसाआधी काकड्या होतील."

तो तिच्याशेजारी उभा राहून पाणी बघत राहिला. पाण्याबरोबर वाळकी पानं आणि मुंग्यांचे पुंजके वाहत चालले होते. विहिरीकाठी गुणाजी मायला काही तरी सांगत होता, आणि इंजिनाच्या आवाजावर माय त्याच्याहून मोठ्याने त्याला काही तरी सांगत होती.

"अल्फान्सोला काय लिहू?" कॉस्मसने विचारलं.

हाच प्रश्न बुधवारपासून घरात होता. तिने तोंडावरचा घाम पदराने पुसला.

"लिही, तिकडे चांगल्या रिंगा मिळत असतील तर पाठव. ह्या किती दिवस जातील, देव जाणे."

कॉस्मसने थोडा विचार केला. "दोन जोड मागतो," तो म्हणाला. "जॉनीची नजर बघितलीस ना? पुढच्या महिन्यात त्याचा बैल इकायला निघेल."

मग त्याने तिच्या हातातलं खोरं घेतलं आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.